आन्या विरुद्ध मिसेस पी

हॅलो?… हॅलो… एक मिनिट हं, हात थालीपिठाच्या पिठात आहेत… ऋषी, अरे जरा हा फोन स्पीकरवर टाक ना… राहू दे, नाकाने टाकला. हां, बोला!

अगं चैत्राली! किती दिवसांनी! आत्ताच तुझं नाव घेत होते. विचार ऋषीला… ऋषी, घेत होते ना मी?… बघ, नवरा मान हलवतोय… नाही गं, शिव्या कशाला देईन!

हो, हो… अगं ऐक ना. तुझं नंतर सांग. माझं एक काम आहे, ते तुझ्याशिवाय होणार नाही… नाही, गणपतीचं नाटक नाही… डोशाचं पीठही नको. आन्याबद्दल आहे.

तूही त्यासाठीच फोन केलास? मग तर बरंच झालं. पण आधी मी. तुझ्या आन्याने माझ्यावर केस केलीये, तुला कल्पना आहे ना?

बाथरूममध्ये भाषण करते? आरशासमोर?… काय म्हणते त्यात?… 'द प्रेसिडेंट हॅज ब्रोकन अवर ट्रस्ट'… हां, तर ती प्रेसिडेंट म्हणजे मी.

अगं देशाची नाही! वर्गाची. आठवीची. थांब, तुला पहिल्यापासूनच सांगते, म्हणजे तुला कळेल मी कशात अडकलेय.

मी यांना हिस्टरी आणि सिव्हिक्स शिकवते, बरोबर? आता अमेरिकेची राज्यघटना पुस्तकातून शिकवायची म्हणजे मुलं डोळे उघडे ठेवून झोपतात. म्हणून मी म्हटलं, आपण आपल्या वर्गाचीच घटना लिहू. सप्टेंबरात लिहिली. खिडकीकडची मुलं हाउस, म्हणजे आपली लोकसभा, दाराकडची सिनेट, आणि मी प्रेसिडेंट… नाही, निवडणूक नाही झाली, मी स्वतःच झाले… हो ना, तेव्हाच चुकलं. पण व्हाइस प्रेसिडेंटची निवडणूक घेतली हो रीतसर. भाषणं, पोस्टर्स, गुप्त मतदान, सगळं… कासव निवडून आलं.

कासव गं! सायन्सच्या बाईंनी दिलेलं, खिडकीत काचेच्या पेटीत असतं ते. प्रचंड बहुमत. बाकीच्या उमेदवारांची डिपॉझिटं जप्त झाली असती इथे तशी पद्धत असती तर.

हसू नकोस. उद्या मला काढलं ना, तर ते कासव माझ्या जागी बसणार आहे. घटनेत तसं लिहिलंय. मीच लिहायला लावलंय.

हो, पहिल्यापासून हे असंच चाललंय वर्षभर. ऑक्टोबरात त्यांनी ठराव केला, वर्गात च्युइंगम चालेल. मी व्हेटो केला. त्यांनी दोन तृतीयांश मतांनी माझा व्हेटो उडवला. आता बाकाखाली हात घातला की हाताला लोकशाही चिकटते… बॉस्टन टी पार्टी, इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला ती, शिकवायला मी घरून आल्याचा चहा नेला थर्मास भरून. म्हटलं, बादलीत ओतू, जरा नाट्य होईल. एकानेही ओतला नाही गं. पिऊन टाकला. वर 'मिसेस पी, बिस्किटं आहेत का?' क्रांती तिथेच संपली.

हो, हो, येते मुद्द्यावर… ऋषी, तव्यावर तेल सोड ना… तर त्या घटनेत एक कलम आहे. ज्याचे मार्क त्याचे. ते चारचौघांत कोणी सांगायचे नाहीत, टीचरनेसुद्धा नाही. आणि ते कलम कोणी मांडलं सांग?… तुझ्या कन्येने. मी त्यावर टर्कीच्या पिसाने सही केली. फोटो काढला, पेरेंट्सना ईमेलने पाठवला. तू हार्ट पाठवलं होतंस त्याला.

आणि मग काय झालं?… आठव. नंदाकाकूंकडचं हळदीकुंकू.

आठवलं ना?… हां. माझ्या एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात वाण, ते प्लास्टिकचे डबे होते बघ, आणि तू मला विचारलंस, 'आमची आन्या कशी काय करते गं?' आणि मी अगदी आपण नेहमी बोलतो तसं बोलून गेले, 'अगं तिला सिव्हिक्सच्या टेस्टला सी मिळालाय, जरा लक्ष दे.' आता माझा आवाज तुला माहितीये. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायची सवय. तो नंदाकाकूंच्या शेवटच्या बेडरूमपर्यंत गेला.

नाही गं, तुझा कसा दोष? तू विचारलंस, आई आहेस. इथे आईला सांगितलं तर चालतंही. पण आठ-दहा बायका कुंकू लावायला रांगेत उभ्या असताना सांगितलेलं चालत नाही… हो, तिकडे भारतात चाललं असतं. तिकडे तर आमच्या बाई भाजी मंडईत आईला गाठायच्या, मेथीची जुडी हातात घेऊन माझं गणित काढायच्या. मला त्याचा इतका राग यायचा, चैत्राली. आणि मी नेमकं तेच केलं, फक्त मेथीच्या जागी तिळगूळ.

आणि मग नंदाकाकू! महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, घरोघरचे डबे सोडून सगळी पोरं पिझ्झा खात बसलेली असताना, आन्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, 'सी मिळाला ना बाळा? माझ्याकडे येत जा, मी घेईन तुझा अभ्यास.' चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी… भूगोल.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर नोटीस. इम्पीचमेंट… महाभियोग गं, टीव्हीवर दाखवतात तो. कलमासकट. आणि सरकारी वकील म्हणजे मिस आन्या. हाउसमध्ये पासही झाला, फक्त एक मत विरोधात पडलं, ते टायलरचं… तो माझा वकील आहे. मी त्याला म्हटलं, 'टायलर, डिफेन्स काय आहे आपला?' तर म्हणाला, 'मिसेस पी, यू आर टोटली गिल्टी, बट यू आर नाइस.'

ऐक ना, आता काम सांगते. खटला गेल्या आठवड्यात व्हायचा होता. पण बर्फाचे दोन कण पडले, अख्खं कॅरी गाव बंद, शाळेला सुट्टी. म्हणून तो आला उद्यावर. आणि उद्याच प्रिन्सिपल माझ्या वर्गावर ऑब्झर्वेशनला येतायत. मागे बसणार, लिहून घेणार. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही ते त्यावर ठरतं. विद्यार्थ्याचे मार्क बाहेर बोलायचे नाहीत हा काही नुसता वर्गातला खेळ नाहीये गं, शाळेचाही नियम आहे, कायदाच आहे. आन्याचे मार्क मी तिळगुळासोबत वाटलेत, हे त्यांना तिथे बसून कळणार. आणि नंतर कासवाचा शपथविधी.

भीती वाटणारच ना! तुला आठवतंय ना, इथे आले तेव्हा व्हिसावर काम करता येत नव्हतं. दिवसभर घरात. डिशवॉशरशी बोलायचे मी. मग कोर्सेस केले, टीचिंगचं लायसन्स काढलं, सब म्हणून, बदली टीचर गं, कुठल्या कुठल्या शाळांत गेले, जिमसुद्धा शिकवलंय मी, मी! मला कोलांटी मारता येत नाही! त्यानंतर हा वर्ग मिळाला. तो जायला नकोय मला, चैत्राली. इतकंच.

म्हणून म्हणते, तू तिला जरा समजाव. मावशी आहे, चुकून बोलली, सोडून दे. तू म्हणालीस तर ऐकेल ती… काय?

आधीच?… अगं काय सांगतेस! ती मागे घेतेय?… नाही… खरंच? उद्या पहिल्या तासाआधी?… बाई गं, देवासारखी धावून आलीस! ऋषी! ऋषी, मिटलं! केस मागे… अरे हो, खरंच! चैत्रालीने मिटवलं!… तो हात जोडतोय तुला. उलथन्यासकट.

तुला काय देऊ सांग. थालीपीठ? लोणी आहे घरचं… बरं, पण तयार कशी झाली ती? मला तर वाटलं होतं, ती पोरगी सुप्रीम कोर्टात जाईल.

हं… लॅपटॉप?… काढून घेतलास?

हं… बरं… आणि भाषणाचे कागद?… तिच्या ड्रॉवरमधून. ती शाळेत असताना.

नाही, नाही… मी कुठे काय म्हणतेय. तू आई आहेस. बोल ना.

फोनसुद्धा?… हो, चांगल्यासाठीच गं… हो, मोठ्यांशी असं वागत नाहीत, बरोबर आहे… आत्ता माझ्याकडे आणतेस? कशाला?… सॉरी म्हणायला. नमस्कार करायला.

माझ्या पाया पडायला?

थांब, एक मिनिट. ऋषी, गॅस बारीक कर… ती आहे कुठे आत्ता?… खोलीत. रडतेय?… बरं, रडत नाहीये. मग?… नुसती बसलीये. जेवलीही नाही… काही बोलली का?

काय म्हणाली?… परत सांग.

'इट्स ओके मॉम, इट वॉज ओन्ली फॉर द टेस्ट.'

…

हां, पिठाचे हात धुऊन आले. 

तुला एक सांगू? सप्टेंबरपर्यंत मी त्या मुलीचा आवाज ऐकलेला नव्हता. मंडळात नाही, शाळेत नाही. हजेरीला नुसता हात वर. शेवटच्या रांगेत, केसांच्या मागे. घटना लिहीत होतो त्या दिवशी ती पहिल्यांदा उभी राहिली. केस तसेच तोंडावर. म्हणाली, मार्क हे त्या मुलाचे असतात, ते त्याने सांगायचे. अख्खा वर्ग मागे वळला ना, ते कासवसुद्धा डोकं बाहेर काढून बघायला लागलं. आणि त्या सोमवारी ती नोटीस वाचून दाखवायला उभी राहिली, तेव्हा केस मागे घट्ट बांधलेले होते गं. खणखणीत वाचलं. मला इतका आनंद झाला, मी स्टोअररूममध्ये जाऊन कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये गिरकी घेतली. गिरकी घेतल्यावर आठवलं, अरे, हे आपल्याविरुद्ध आहे.

म्हणून म्हणते… चैत्राली, लॅपटॉप परत दे तिला.

हो, शुद्धीवर आहे. परत दे. फोनही दे आणि कागदही दे… फाडलेस?!… अर्धेच? मग चिकटव! टेप आहे ना घरात?… अगं, तू तिच्या गैरहजेरीत खोलीत शिरलीस, ड्रॉवर उघडलास, सामान जप्त केलंस. वॉरंट कुठे होतं तुझं?… नाही, 'मी तिची आई आहे' म्हणजे वॉरंट नाही होत!… बरं, कायद्याने होत असेल. माझ्या वर्गात नाही होत.

हो, मीच म्हणाले होते. आत्ताच म्हणाले, पाच मिनिटांपूर्वी. माहितीये मला. ते चुकलं माझं.

नोकरीचं काय म्हणजे?… ऋषी, तू हात हलवू नकोस मधे, मला दिसतंय… तो म्हणतोय, वेड लागलंय हिला. असेल. अगं, वर्षभर मी त्या मुलांना घसा फोडून सांगतेय की खुर्चीवरचा माणूससुद्धा कायद्याच्या वर नसतो. आणि खुर्चीवर मी बसल्यावर आयांना फोन करून केस मिटवायची? मग ती पोरगी म्हणतेय तेच खरं ना? घटना, कायदा, सगळं फक्त टेस्टपुरतं. मला सगळ्यात जास्त ते लागलंय. सी तिला मिळाला, पण नापास मी होतेय गं.

नाही, रडत नाहीये. कांदा चिरला होता… थालीपिठात घालायला… बरं, रडतेय थोडीशी. तू मला आन्याला दे.

दे ना फोन. दार वाजव आधी! ढकलून नको शिरूस!

…

हाय आन्या. नो, नो, मावशी नाही, मिसेस पी बोलतेय… यस, आय नो… आय नो, बेटा. ऐक, तुझी केस मागे नाही घ्यायची. उद्या ठरल्याप्रमाणे… नो, आय ॲम नॉट मॅड… नाही, ही ट्रिक नाहीये. तुझे सगळे कागद आई परत देतेय, टेप लावून… यस, दॅट इज टॅम्परिंग विथ एव्हिडन्स, अगदी बरोबर, पण आईवर नवीन केस नको हं करूस आत्ता, एका वेळी एक.

साक्षीदार? कोण साक्षीदार?… नंदाकाकू!

तू नंदाकाकूंना समन्स पाठवलंस?… आणि त्या हो म्हणाल्या… नवी पैठणी नेसून येणारेत… काय आणणारेत? चिवडा?… आन्या, लिसन, साक्षीदाराने चिवडा आणायचा नसतो. आणि त्यात शेंगदाणे असतील, टायलरला ॲलर्जी आहे, माझा वकीलच आडवा होईल. त्यांना सांग, रिकाम्या हाताने या, फक्त ड्रायव्हिंग लायसन्स आणा, शाळेच्या ऑफिसमध्ये दाखवावं लागतं.

हो, प्रिन्सिपल असणारेत, आय नो. तू त्याची काळजी नको करूस… मी उद्या सकाळी आधी त्यांच्याकडे जाऊन स्वतः सांगणार आहे, काय झालं ते सगळं. मग त्या काय ठरवतील ते ठरवतील… यस, आय ॲम स्केअर्ड. खूप… यू टू? मग छान, दोघी घाबरू.

हं? काय विचारलंस?… मी खरंच तसं बोलले का?… आन्या, हे तू मला उद्या विचार. सगळ्यांसमोर, शपथेवर. मी खरं उत्तर देईन.

पण ऐक, एक मिनिट. आत्ता मी मिसेस पी नाहीये, आता मावशी बोलतेय. तुला त्या दिवशी पिझ्झा टाकून बाहेर गाडीत जाऊन बसावं लागलं ना, माझ्यामुळे… सॉरी बाळा. फार वाईट वागले मी.

हं… थँक यू… हं?

हो. बरोबर. सॉरी म्हटल्याने केस बंद होत नाही. अगदी बरोबर… हे कोणी शिकवलं तुला?

… हं. मीच.

जा, जेवून घे आता. आणि उद्या टायलरला फार रडवू नकोस. आईला दे.

…

हां, बोल… हो, उद्या होणार खटला… नाही, मला नाही वाटत मी वाचेन. निकाल सिनेट देणार, आणि तिथे च्युइंगम खाणारे सगळे आहेत, व्हेटोचा राग आहे त्यांच्या मनात… कासवाला आत्तापासूनच लेट्यूस जास्त मिळतंय. ऋषी म्हणतोय, निदान ते हळदीकुंकवाला जाणार नाही.

काय?… हसतेय ती? खोलीतून आवाज येतोय?… काय करतेय?… परत भाषण! आरशासमोर!… करू दे, करू दे. जरा जोरात करायला सांग, मागच्या बाकापर्यंत जायला पाहिजे.

चल, ठेवते, थालीपीठ करपलं वाटतं… हो, बोल ना पटकन… परवाची टेस्ट? हो, घेतली… तपासली, आजच तपासून झाली. इथेच आहे गठ्ठा, मायक्रोवेव्हवर… आन्याचा पेपर? हो, तोही आहे, वरच आहे.

नाही.

नाही सांगणार… अगं, आता कोणी नाहीये ऐकायला, ऋषी सोडून, हे मलाही माहितीये… हो, तू आई आहेस… हो, हळू सांगितलं तरी चालेल, कायद्याने चालेल, तरी नाही. तुझ्या लेकीला उद्या पेपर मिळेल, तिला वाटलं तर ती दाखवेल. नाहीतर पोळ्या लाटता लाटता विचार, प्रेमाने.

नुसतं 'बरा की वाईट'सुद्धा नाही!… अगं, पोटात मावत नाहीये माझ्या, मला काय वाटतंय ते माझं मला माहिती, पण नाही… काय? आवाजावरून कळतंय?… काही कळत नाहीये. साधाच आहे आवाज.

मी हसले नाही. खोकले. धूर झालाय इथे थालीपिठाचा. ठेव फोन!